सैल म्हणजे मोठा नव्हे : तयार पॅटर्नवरून उन्हाळी ड्रेस

होळी झाली की आमच्या हिंगणघाटकडच्या गावांत शिवणाऱ्या बाईकडे एकच मागणी सुरू होते : अंगाला चिकटणार नाही असं काहीतरी शिवून द्या. एप्रिलमध्येच पारा 42-43 वर जातो आणि मेच्या शेवटी नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की 45 च्या पुढे. कुर्ता-लेगिंग नकोसं होतं आणि गाऊन घालून बाजारात जाता येत नाही. मग माझ्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या मुली मोबाइलवर एखादा सैल, सुती, पायघोळ ड्रेस दाखवतात. "काकू, याचा पॅटर्न विकत भेटते म्हणते. त्याच्यावरून जमन का आपल्याले?"

जमतं. पण आपण मापं घेऊन थेट कापडावर खडूनं आखायला शिकलेलो असतो. पॅटर्नमध्ये ती आखणी दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्याच बांध्याच्या बाईसाठी करून ठेवलेली असते. 1863 साली अमेरिकेतल्या एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्यानं निरनिराळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली. तेव्हापासून ही पाकिटं जगभर चालतात. त्यांतली आखणी सुबक असते, गळ्याचा आणि मुंढ्याचा (बाही जोडतात त्या काखेच्या गोलाईचा) आकार आपल्या हातच्या आखणीपेक्षा बहुतेक वेळा चांगला बसतो. फक्त ती आपल्या अंगावर आणून घ्यावी लागते, आणि खरं काम तेच आहे. शिवायला एक दिवस पुरतो. कात्री लावण्याआधी मात्र दोन दिवस द्या.

कोणता पॅटर्न घ्यावा

पहिल्यांदा शिवत असाल तर चार तुकड्यांचा घ्या : पुढचा भाग, मागचा भाग, बाही, खिसा. चेन नको, कॉलर नको, कंबरेला जोड नको. डोक्यावरून घालायचा, खांद्यापासून खाली रुंद होत जाणारा ड्रेस.

बाहीचा असाच घ्या. चित्रातले उन्हाळी ड्रेस पुष्कळदा बिनबाह्यांचे किंवा नुसत्या पट्ट्यांचे असतात, कारण ते जिथे आखले जातात तिथला उन्हाळा 25-30 अंशांचा. आपल्याकडे हवाच अंगापेक्षा गरम असते आणि उघड्या हाताला झळ लागते. कोपरापर्यंतची ढगळ बाही आणि आतून वारा खेळेल असा घेर, हेच इथे कामाचं. शेतावर जाणाऱ्या बायका पदर नाहीतर दुपट्टा चारी बाजूंनी गुंडाळून घेतात, तेही याचसाठी.

नंबर निवडताना होणारी चूक

मी पहिल्यांदा पॅटर्न वापरला तो पुतणीसाठी. सैल हवा म्हणून तिच्या मापापेक्षा दोन नंबर मोठा कापला. घेर छान आला, पण गळा खांद्यावरून घसरायला लागला, खांद्याची शिवण दंडावर उतरली आणि हात वर केला की सगळा ड्रेस वर चढायचा. तीन मीटर खादी वाया गेली. पुढे कितीतरी मुलींना मी हीच चूक करताना पाहिलं, म्हणून हा भाग जरा लांबवते.

सैल ड्रेस अंगावर बसत नाही, तो खांद्यावर टांगलेला असतो. गळा, खांदा आणि मुंढा नेमके असतील तर खाली कितीही घेर ठेवा, तो शोभतो. ते तिन्ही सैल झाले तर कपडा दुसऱ्याचा मागून आणल्यासारखा दिसतो. मोठ्या नंबरात छातीबरोबर गळा आणि खांदाही मोठा होतो, हे आपल्या लक्षात येत नाही.

म्हणून मापं अशी घ्या. पहिलं, टेप काखेतून, छातीच्या वरच्या बाजूनं. दुसरं, छातीच्या सर्वांत भरलेल्या जागेवरून. या दोन मापांत दोन इंचांपर्यंत फरक असेल तर दुसऱ्या मापानं नंबर निवडा. फरक त्याहून जास्त असेल तर पहिल्या मापानं निवडा, म्हणजे खांदे आणि गळा बरोबर येतील.

पॅटर्नच्या नंबराचा दुकानातल्या कपड्याच्या नंबराशी काही संबंध नाही. सिम्प्लिसिटी, मॅककॉल्स, बटरिक या अमेरिकन पाकिटांवर 12 नंबर म्हणजे छाती 34, 14 म्हणजे 36, 16 म्हणजे 38 इंच. माझ्या जावेचं भरलेलं माप 38 आणि वरचं साडेपस्तीस. फरक अडीच इंचांचा, म्हणून तिला 16 नाही, 14.

"38 च्या छातीला 36 चा कसा पुरन?" हे तिनंही विचारलं. उत्तर पाकिटावरच असतं. तिथे दोन तक्ते असतात, एक अंगाच्या मापांचा आणि दुसरा तयार कपड्याच्या मापांचा. दुसरा कधीकधी कागदाच्या तुकड्यावरच छापलेला असतो. सैल ड्रेसच्या 14 नंबरात तयार छाती 43 लिहिली असेल, तर जावेच्या 38 वर पाच इंच मोकळीक आहेच. आपल्या उन्हाळ्याला छातीवर पाच-सहा इंच मोकळीक पुरते. आठ-दहा इंच झाली की काखेत कापड गोळा होतं आणि घाम तिथेच साचतो.

तरीही घेर वाढवायचा असेल तर नंबर न वाढवता दोन वाटा आहेत. एक, काखेपासून खाली बाजूची रेघ बाहेर काढत न्या आणि खालच्या टोकाला दीड इंच वाढवा. पुढचा-मागचा मिळून घेर सहा इंचांनी वाढतो. दुसरी वाट मला जास्त आवडते. पुढच्या भागाचा घडीवर ठेवायचा कागद घडीपासून एक इंच दूर ठेवून कापा. मधोमध दोन इंच कापड जास्त मिळतं. ते गळ्याशी एका पेटीप्लेटमध्ये किंवा चुण्यांत घ्या. गळा मूळ मापाचाच राहतो आणि पोटावरून कापड सुटं पडतं.

कागद हातात आल्यावर

ऑनलाइन पॅटर्न म्हणजे पीडीएफ. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे ए-फोर कागदावर छापून आणतात आणि पानं जोडतात. सगळी पानं छापण्याआधी मोजणीचा चौकोन असलेलं एकच पान छापून घ्या आणि तिथेच टेप लावा. चौकोन दहा सेंटिमीटरचा म्हटलं असेल तर पूर्ण दहाच भरला पाहिजे. छापताना 'फिट टू पेज' राहून गेलं तर तो साडेनऊ-पावणेदहा भरतो. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण चौकोन 9.6 भरला तर 43 इंचांची छाती सव्वाएकेचाळीस होते. माप 'हंड्रेड पर्सेंट'वर ठेवायला सांगा.

मूळ कागद कापू नका. त्यावर सात-आठ नंबरांच्या रेघा एकात एक असतात. आपल्या नंबराची रेघ रंगीत पेन्सिलनं गिरवा आणि पुस्तकांना घालतात त्या खाकी कागदावर उतरवून घ्या. पातळ कागदाचा पॅटर्न चुरगळलेला असेल तर कोमट, कोरडी इस्त्री फिरवा. वाफ नको, कागद आकसतो.

उतरवताना रेघेबरोबर सगळ्या खुणाही उतरवा. दोन टोकांना बाण असलेली लांब रेघ म्हणजे कापडाचा उभा धागा, ती किनारीला समांतर ठेवायची. 'प्लेस ऑन फोल्ड' म्हणजे ही कड कापडाच्या घडीवर. कडेचे छोटे त्रिकोण जुळवायच्या खुणा असतात, मुंढ्यावर पुढच्या भागाला एक आणि मागच्या भागाला दोन. बाहीवरही तशाच. त्यामुळे बाही उलटी लागत नाही. आपल्या हातच्या आखणीत या खुणा नसतात म्हणून मुली त्या सोडून देतात आणि नंतर बाही हातात धरून बसतात.

आता शिवणीच्या मार्जिनचं, म्हणजे टिपेबाहेर राहणाऱ्या कापडाचं. अमेरिकन पाकिटांत कापायच्या रेघेतच 5/8 इंच, म्हणजे सुमारे दीड सेंटिमीटर मार्जिन धरलेलं असतं. बुर्दा मासिकाच्या पॅटर्नमध्ये मार्जिन नसतंच, ते आपण सोडायचं. काही छोट्या कंपन्या एक सेंटिमीटर धरतात. सूचनांच्या पहिल्या पानावर हे लिहिलेलं असतं. तेवढं एक वाक्य वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण यात चूक झाली तर पूर्ण ड्रेस एक नंबर लहान किंवा मोठा होतो. आपण पाव-अर्धा इंचावर टीप घालायला सरावलेल्या असतो, म्हणून मशीनच्या पत्र्यावर सुईपासून दीड सेंटिमीटरवर चिकटपट्टी लावून ठेवा आणि कापडाची कड तिला धरून चालवा.

उंची

बहुतेक अमेरिकन पॅटर्न साडेपाच फुटांच्या आसपासच्या बाईसाठी आखलेले असतात. आपल्याकडे पाच फूट, पाच-एक अशा उंचीच्या बायका पुष्कळ. खालून कापून टाकलं तर घेराचा आकार बिघडतो. म्हणून पॅटर्नवर 'लेंग्थन ऑर शॉर्टन हिअर' लिहिलेल्या दोन समांतर रेघा असतात, तिथेच कागदाला आडवी घडी घाला. दोन इंच कमी करायचे तर घडी एका इंचाची, कारण ती दुहेरी पडते. नंतर बाजूची तुटलेली रेघ पट्टीनं सरळ जोडून घ्या. पुढच्या भागाला जेवढं कराल तेवढंच मागच्याला.

मूळ ड्रेस बहुधा टोंगळ्यापर्यंत (गुडघ्यापर्यंत) असतो. गावात वावरायला घोट्याच्या चार बोटं वर अशी उंची मला सोयीची वाटते. त्यासाठी याच रेघांवर कागद कापून मध्ये पट्टी जोडा.

कापड

आपण कापसाच्या मुलखात राहतो आणि बाजारात सुती म्हणून टेरिकॉट हातात देतात, याचं मला फार वाईट वाटतं. दुकानात कडेचे दोन धागे मागून घ्या आणि बाहेर येऊन जाळा. सूत कागदासारखं जळतं आणि राख बोटानं चुरते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो.

पहिल्या ड्रेसला कॅम्ब्रिक किंवा मऊ पॉपलिन घ्या. कात्रीखाली सरकत नाही, खडू नीट उमटतो. मलमल सर्वांत थंड, पण तिला अस्तर लागतं आणि ती हातातून पळते, म्हणून दुसऱ्या ड्रेससाठी ठेवा. रेऑन झुळझुळीत दिसतं, मात्र कापताना तिरपं होतं. खादी मला सर्वांत प्रिय. वर्ध्यात 1938 साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय आहे. तिथली नैसर्गिक रंगातली खादी एकदा हातात घेऊन बघा. सुतात जाड-बारीकपणा असल्यामुळे ती अंगापासून थोडी सुटी राहते आणि वारा आत येतो.

किती घ्यायचं हे पन्ह्यावर, म्हणजे कापडाच्या रुंदीवर. पाकिटावर 45 आणि 60 इंची पन्ह्याचा हिशेब यार्डात असतो. यार्ड म्हणजे 36 इंच, मीटरपेक्षा सव्वातीन इंच कमी. आपल्याकडे खादी 36 इंचीही येते, तिचा हिशेब तिथे सापडणार नाही, म्हणून सांगते. ड्रेसची उंची 44 धरा, मार्जिन-दुमड मिळून 48. 36 किंवा 44 इंची पन्ह्यात पुढचा आणि मागचा भाग एकाखाली एक बसतात, म्हणजे 96 इंच. बाह्या आणि उरेप (तिरप्या कापलेल्या) पट्ट्या धरून तीन मीटर. 58 इंची पन्हा असेल तर दोन्ही किनारी मधोमध आणून दोन घड्या करा. प्रत्येक घडी साडेचौदा इंचांची होते. खालच्या घेराचा चौथा भाग मार्जिनसकट त्यात मावला तर पुढचा-मागचा भाग शेजारी शेजारी निघतो आणि पावणेदोन मीटरांत काम होतं.

आणलेलं कापड रात्रभर पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, किंचित ओलसर असताना इस्त्री करा. सूत आटतं. तीन मीटरमागे तीन-चार इंच सहज जातात, हातमागावरचं असेल तर जास्त. हे शिवल्यावर आटलं तर घोट्याचा ड्रेस पोटरीवर येतो. गडद रंग असेल तर भिजवताना पांढरी चिंधी सोबत टाका, रंग सुटतो की नाही ते कळतं.

आधी जुन्या धोतरावर

चांगल्या कापडाला कात्री लावण्याआधी जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा अर्धा ड्रेस करा. कंबरेपर्यंत पुरे. मार्जिनवर लांब टाके घाला, खांदे आणि बाजू जोडा, घालून बघा. तीनच गोष्टी तपासायच्या. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर येते का? हात वर करून मडकं उतरवल्यासारखं केलं तर मुंढा ओढतो का? टकाचं (छातीशी आकार द्यायला घालतात त्या त्रिकोणी चिमटीचं) टोक छातीच्या उंच जागेच्या एक इंच अलीकडे थांबतं का? टक खाली जात असेल तर कागदावरचा टक तेवढाच वर सरकवा, आकार तोच ठेवून.

आणखी एक, गळा. सूत ताणत नाही. डोक्याचा घेर मोजा, साधारण 22-23 इंच भरतो. गळ्याचा शिवलेला घेर त्याहून मोठा हवा, नाहीतर मागे चीर आणि बटण द्यावं लागेल. अंगावर पाजणारी आई असेल तर पुढे छातीपर्यंत पट्टी आणि बटणं ठेवा. ती कागदावरच ठरवा, नंतर जोडता येत नाही.

कापणं

सकाळी कापा. दुपारी कूलरच्या वाऱ्यानं कागद उडतात आणि घामाचे हात कापडाला लागतात. जमिनीवर सतरंजी नको, कात्री अडकते. पुसलेल्या फरशीवरच कापड पसरा. बाणाच्या दोन्ही टोकांपासून किनारीपर्यंत टेपनं मोजा. दोन्ही अंतरं सारखी भरली की टाचण्या लावा. अर्धा इंच फरक राहिला तरी धुतल्यावर ड्रेस एका बाजूला फिरतो. फुलं-पानं एकाच दिशेनं वाढणारा छाप असेल तर सगळे तुकडे एकाच दिशेनं ठेवा.

आपल्याकडे उद्या सैल करता यावं म्हणून बाजूला एक इंच कापड सोडतात. सैल ड्रेसलाही मी ते सोडते, पण फक्त बाजूला, आणि तिथली टीप मूळ जागेवरच घालते. गळ्याला, मुंढ्याला मार्जिन वाढवाल तर जुळणी चुकते.

शिवणं

पायमशीनला वीज लागत नाही, पण इस्त्रीला लागते. लाइटचं वेळापत्रक बघून बसा, कारण प्रत्येक टिपेनंतर इस्त्री हवी. मलमलला 11 नंबरची सुई, कॅम्ब्रिक-खादीला 14. इंचाला दहा टाके. दोऱ्याचा ताण आधी चिंधीवर बघा.

कापल्याबरोबर गळ्याच्या कडेला, मार्जिनच्या आत, एक टीप फिरवा. गोल भाग तिरप्या धाग्यावर असतो आणि नुसत्या हाताळण्यानं ताणतो. ही टीप त्याला धरून ठेवते.

मग टक घाला. रुंद बाजूकडून टोकाकडे या आणि टोकाला मागे-पुढे टीप न मारता दोरे हातानं गाठवा. इस्त्रीत टक खालच्या बाजूला पाडा.

खांदे सुलट बाजू समोरासमोर ठेवून जोडा. त्यानंतर गळा. पॅटर्नमध्ये बहुधा गळ्याला आतून तुकडा दिलेला असतो. तो धुतल्यावर बाहेर डोकावतो आणि उन्हाळ्यात मानेशी दुहेरी कापड नकोसं होतं, म्हणून मी उरेप पट्टी लावते. 45 अंशांत तिरपी, सव्वा इंच रुंद पट्टी कापा. गळ्याचं मार्जिन पाव इंचावर छाटा. पट्टी सुलट बाजूवर ठेवून, अगदी किंचित ओढत, पाव इंचावर टीप घाला. फार ओढली तर गळ्याला चुण्या पडतात. गोलाईवर दर अर्ध्या इंचाला टिपेच्या अलीकडे थांबतील असे कट मारा. पट्टी आत उलटवा, कड दुमडा, वरून टीप घाला आणि इस्त्री करा.

बाही बाजू शिवण्याआधीच, कापड सपाट असताना बसवा. सैल ड्रेसला हे चालतं आणि निम्मा वेळ वाचतो. बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा थोडा मोठा असतो, ती चूक नाही. माथ्यावर दोन धावदोरे घालून अलगद ओढा, खुणा जुळवा, टाचण्या लावा आणि बाही खाली राहील अशी टीप घाला. मशीनचे दाते जास्तीचं कापड स्वतःच सामावून घेतात.

आता बाहीच्या टोकापासून काख ओलांडून घेरापर्यंत बाजू एका दमात. मलमल असेल तर इथे जादा इंच सोडू नका, मूळ मार्जिनमध्ये फ्रेंच शिवण घाला : आधी उलट बाजू समोरासमोर ठेवून 3/8 इंचावर टीप, मार्जिन छाटून 1/8 करा, कापड उलटवा आणि पाव इंचावर दुसरी टीप. दोन्ही मिळून 5/8 भरतात, माप बिघडत नाही आणि आत एकही धागा सुटा राहत नाही. इतर कापडाला साधी शिवण घालून तालुक्यातल्या पिको-फॉलवाल्याकडून इंटरलॉक करून आणा. फ्रेंच शिवणीत बाजूचा खिसा घालणं किचकट आहे, म्हणून तिथे वरून ठेवून शिवायचा खिसा लावा, बाजू शिवायच्या आधी. खिसा मात्र लावाच. मोबाइल, किल्ली आणि भाजीचे सुटे पैसे ठेवायला बाईच्या कपड्यात जागा असली पाहिजे.

घेर लगेच दुमडू नका. ड्रेस रात्रभर खुंटीला टांगून ठेवा. बाजूचं कापड तिरप्या धाग्यावर असल्यानं स्वतःच्या वजनानं खाली येतं, खादीत कधी अर्धा इंच. सकाळी घालून उभ्या राहा आणि दुसऱ्या कोणालातरी जमिनीपासून पट्टी धरून सगळीकडे सारख्या अंतरावर खडूची खूण करायला सांगा. जादा कापा, आधी पाव इंच, मग अर्धा इंच दुमडून टीप घाला. दुमड रुंद घेतली तर गोलाईवर घड्या पडतात.

खाकी कागदावर नाव, तारीख, नंबर, उंचीत केलेला बदल आणि टक किती सरकवला ते लिहा आणि सगळे तुकडे एका पाकिटात ठेवा. जावेच्या पाकिटावर लिहिलं आहे : 14 नंबर, टक पाऊण इंच वर, पुढे पेटीप्लेट. तिचे दोन ड्रेस त्याच कागदावरून झाले, आणि दुसरा अर्ध्या दिवसात.